काचेतलं ऊन

‘‘दार लाव आधी, गार वारा येतोय!’’ विवेक उंबऱ्यातूनच ओरडला.

रेवा माझ्या खांद्यावर होती. चार महिन्यांची. डोकं घामेजलं होतं म्हणून तिचं टोपडं मी नुकतंच काढलं होतं. मला वाटलं, बापाला लेकीची काळजी. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी पायानंच दार ढकललं. विवेकनं हातातलं पुठ्ठ्याचं खोकं हळूच खाली ठेवलं, अंगातलं जॅकेट काढून खोक्याभोवती गुंडाळलं आणि आत तोंड घालून म्हणाला, ‘‘झालं हं, आलो घरी.’’

खोक्याच्या भोकातून एक हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची शेपटी बाहेर आली. ती येतच राहिली. हातभर आली तरी संपेना.

‘‘अगं बाई, पाल!’’ स्वयंपाकघराच्या दारात माझ्या सासूबाई, माई, उलथनं हातात घेऊन उभ्या होत्या.

‘‘पाल नाही गं माई. इग्वाना आहे, सरड्याची परदेशी जात. मादी. किवी नाव तिचं. आमच्या ऑफिसातला जोसेफ कॅनडाला चाललाय, त्याची. नोंदणीचे कागद आहेत सगळे. आणि पूर्ण शाकाहारी!’’

‘‘शाकाहारी पाल,’’ माई म्हणाल्या. ‘‘पाल अंगावर पडली तर आम्ही डोक्यावरून आंघोळ करतो. हा आपल्या हातानं उचलून आणतो.’’

मी विवेकच्या जॅकेटकडे बघत होते. डिसेंबरातलं नाशिक, बाहेर नुसती हुडहुडी, आणि तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर गुडघे टेकून बसला होता. इतका हळुवार तो मला, रेवाला घेऊन मी दवाखान्यातून घरी आले त्या दिवशीही दिसला नव्हता. त्या दिवशी तो रिक्षावाल्याशी वाद घालत होता.

रविवारी टेंपोतून पिंजरा आला. माणसाएवढा उंच, लाकडी चौकटीला जाळी मारलेला, आत आडव्यातिडव्या फांद्या. विवेक हातात टेप घेऊन घरभर फिरला आणि आमच्या खोलीत येऊन थांबला.

त्या खोलीची खिडकी पूर्वेची. जुनी, लोखंडी चौकटीची, दोन तावदानांची. समोर शेजाऱ्यांचा शेवगा. खिडकीशी रेवाचा पाळणा आणि त्याला लागून माझी वेताची खुर्ची. सकाळी आठ ते अकरा तिथे ऊन यायचं आणि तेवढे तीन तास मला आपण माणूस असल्यासारखं वाटायचं. खिडकी उघडायला मात्र बंदी होती. बाळंतिणीला वारं लागायला नको, म्हणून माईंनी फटींत वर्तमानपत्रं कोंबून वरून तपकिरी चिकटपट्टी मारली होती. सव्वा महिना झाला, तीन महिने झाले, पट्टी तशीच. एकदा मी कडीला हात लावला तर माई म्हणाल्या, ‘‘दूध आटलं म्हणजे मग रडू नकोस.’’ मी हात काढून घेतला.

‘‘हिला ऊन लागतं,’’ विवेक म्हणाला. ‘‘पाळणा जरा आत सरकवू. त्या कपाटाच्या बाजूला.’’

‘‘तिथे दिवसा दिवा लावावा लागतो, विवेक.’’

‘‘मग लाव ना. रेवा काय, झोपलेलीच असते.’’

‘‘बरंच आहे,’’ माई म्हणाल्या. ‘‘खिडकीशी नकोच बाळ.’’

दोघांचं एकमत झालं म्हणजे आमच्या घरात ठराव मंजूर. पाळणा कपाटाशी गेला. माझी खुर्ची बाल्कनीत गेली. पिंजऱ्याच्या वर ऊब देणारा मोठा दिवा टांगला गेला, तापमापक लागला. उजेडासाठी म्हणे वेगळी खास ट्यूब लागते, जोसेफकडची आणताना फुटली. ‘‘मागवतो मी. तोवर खिडकीचं ऊन आहेच,’’ विवेक म्हणाला.

सोमवारी फ्रिजवर तक्ता लागला. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. वरच्या फांदीचं तापमान, खालचं तापमान. काय खाल्लं, किती खाल्लं. शी झाली का. पाणी फवारलं का. शेवटी शेरा.

‘‘हे कोण भरणार?’’ मी विचारलं.

‘‘तू घरीच असतेस ना,’’ विवेक म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला लागला.

मी एका शाळेत चित्रकला शिकवायची. रजेवर होते. घरीच होते हे खरंच. घरीच होते म्हणजे पहाटेपासून रेवाला पाजत होते, ढेकर काढत होते, लंगोट धूत होते, धुऊन झाले की पुन्हा पाजत होते. तिनं किती वेळा दूध ओढलं, किती वेळा ओकलं, याचा तक्ता चार महिन्यांत कधी फ्रिजवर लागला नव्हता. माझा तर सोडाच.

दुपारी बाराला ऑफिसातून फोन यायचा. ‘‘किती डिग्री?’’

‘‘चौतीस.’’

‘‘मस्त. खाल्लं?’’

‘‘हो.’’

तो ‘ठेवतो’ म्हणाला तरी मी क्षणभर फोन कानाला तसाच धरायची. पुढे ‘तू जेवलीस का’ असं येईल, म्हणून. नाही यायचं.

आणि खाणं? तक्त्यात विवेकनं ‘हिरव्या पालेभाज्या’ एवढंच लिहिलं होतं. घरात पालेभाजी एकच यायची. बाळंतिणीला रक्त हवं म्हणून माई रोज पालकाची जुडी घेऊन बसायच्या आणि निवडताना दोन ढीग करायच्या. ‘‘हा तुझा, हा पालाबाईचा.’’ मी माझा ढीग गिळायची, पालाबाई तिचा.

शनिवारी विवेकनं तिला कोमट पाण्यात बसवलं. माई दारातून म्हणाल्या, ‘‘पाल पडली म्हणून माणसानं आंघोळ करायची ते दिवस गेले. आता पालीलाच न्हाऊ घाला.’’ मला हसू आलं, म्हणून मी डोकावून बघितलं. किवी रेवाच्या टबात होती. गुलाबी, बदकाचं चित्र असलेल्या टबात.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की पाळण्यात रेवा दचकली. ‘‘धुऊन ठेवणारच होतो गं,’’ विवेक म्हणाला. ‘‘किती चिडचिड करतेस हल्ली!’’ मी तो टब बाल्कनीत नेऊन आपटला. त्याला तडा गेला. नवीन टब येईपर्यंत रेवाला मी मांडीवर घेऊन तांब्यानं आंघोळ घातली, आणि ती माझीच चूक ठरली.

किवीवर राग काढावा म्हटलं तर तीही जागची हलेना. रेवाला पाजत मी कपाटाच्या बाजूला अंधारात बसलेली असायची आणि ती समोर काचेतल्या उन्हात फांदीला पोट टेकून. एक डोळा माझ्याकडे. मान वळवायची नाही, बुबुळ तेवढं फिरवायची. सकाळभर आम्ही दोघी एकमेकींकडे अशा बघत बसायचो. बाहेर शेवग्यावर पोपट उतरायचे, तेव्हा आम्ही दोघीही तिकडे बघायचो.

तीन आठवड्यांनी एका मंगळवारी, बाराचं तापमान बघायला उठले, तर किवी फांदीवर नव्हती. पिंजऱ्याच्या तळाशी होती. मागचे पाय लाकडासारखे मागे ताणलेले, आणि पुढच्या पंजाची बोटं थरथरत होती. रेवा झोपेत दचकते ना, तशी. फक्त थांबत नव्हती. मी तापमापक बघितला. चौतीस. तक्ता बघितला. सगळं तक्त्याप्रमाणे होतं.

‘‘मीटिंगमध्ये आहे,’’ विवेक कुजबुजला. ‘‘व्हिडिओ पाठव, संध्याकाळी बघतो.’’

‘‘विवेक, ती मरतेय.’’

‘‘थंडी वाजत असेल. दिवा खाली घे जरा. तू घरीच आहेस ना, लक्ष ठेव.’’

फोन ठेवल्यावर मी रेवाचं मऊ दुपटं ओढलं, त्यात किवीला गुंडाळलं आणि छातीशी धरलं. तिचं वजन काहीच नव्हतं.

‘‘बाळाच्या दुपट्यात पाल!’’ माई किंचाळल्या.

‘‘माई, तुम्ही रेवाला घ्या. रिक्षा थांबवते मी.’’

‘‘अगं, बाहेर वारं...’’

‘‘घ्या म्हटलं ना!’’

माझा आवाज ऐकून माईंनी निमूट शाल घेतली. रेवाला घेताना पुटपुटल्या, ‘‘एवढी कशाला कावतेस? येतेय ना मी.’’

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सोनगावकर माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी किवीला टेबलावर घेतलं, पाय चाचपले, तोंडाखाली अंगठा दाबला. मग माझं बोट धरून तिथेच टेकवलं. ‘‘दाबा हळूच.’’

जबडा आत गेला. ओल्या पुठ्ठ्यासारखा. मी हात झटकन मागे घेतला.

‘‘हाडं मऊ पडलीत,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘काय खायला देता?’’

‘‘पालक,’’ माईंनी अभिमानानं सांगितलं. ‘‘रोज, ताजा.’’

‘‘तोच नको. अंगात थोडं कॅल्शियम असतं ते पालक धरून ठेवतो, हाडांना पोचू देत नाही. शेवग्याचा पाला द्या, जास्वंदीची पानं, लाल भोपळा. दूध वगैरे नाही ना दिलं?’’

माई हळूच म्हणाल्या, ‘‘एकदाच. वाटीभर. दूधभात.’’

‘‘माई!’’

‘‘अगं, दुपारची एकटक बघत बसते माझ्याकडे. जीव तुटतो माझा.’’

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. ‘‘आणि ऊन?’’

‘‘दिवसभर खिडकीशीच असते,’’ मी म्हणाले.

‘‘खिडकी उघडी असते?’’

‘‘छे हो!’’ माईच बोलल्या. ‘‘चांगली चिकटपट्टी लावून बंद केलीय मी. बाळंतीण आहे ना घरात.’’

डॉक्टरांचा हात किवीच्या पाठीवर थांबला. ‘‘काचेतून येतं ते ऊन नव्हे, आजी. दिसायला ऊन दिसतं. ऊबही लागते. पण त्यात हाडांना लागणारं जे काही असतं ना, ते काचेच्या बाहेरच राहतं. हिला ऊब आहे, ऊन नाही. इतके दिवस ही नुसती उजेडात बसून उपाशी राहिलीय.’’ त्यांनी औषधाची सुई टोचली, लिहून दिलं. ‘‘रोज सकाळी उघड्या उन्हात न्या. शेजारी सावलीही हवी, तिची तिला सरकता आली पाहिजे. घरात खास ट्यूब लावा, आजच. नाहीतर ही जगायची नाही.’’

मी उठले. उठताना नेहमीसारखा टेबलाच्या कडेवर हात रोवला, कंबर धरली. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘‘मी जनावरांची डॉक्टर आहे, तरी विचारते. तुम्ही उन्हात शेवटच्या कधी गेला होतात?’’

मला आठवेना. खरंच आठवेना. माईंकडे बघितलं, तर त्या रेवाचं टोपडं नीट करत होत्या. ते आधीच नीट होतं.

संध्याकाळी सात वाजता विवेक आला. बूट न काढता थेट पिंजऱ्याशी गेला.

‘‘एवढं होईपर्यंत तुला दिसलं नाही?’’

मी रेवाला माईंकडे दिलं. आधी दिलं, मग बोलले, एवढं मला पक्कं आठवतं.

‘‘काय दिसायला हवं होतं?’’

‘‘अगं, तक्ता दिला होता ना मी. तू दिवसभर घरी असतेस...’’

‘‘हात थरथरतात का, असा रकाना नव्हता त्यात. ट्यूब कुठाय?’’

‘‘मागवायची राहिली. वर्षअखेर आहे, तुला माहितीय ऑफिसात...’’

‘‘ट्यूब तू विसरलास. पाळणा तू हलवलास. माझी खुर्ची तू बाल्कनीत टाकलीस. आणि दिसलं नाही मला?’’ मी जाऊन फ्रिजवरचा तक्ता ओढून आणला, त्याच्या हातात दिला. ‘‘बघ. तीन आठवडे. एकही रकाना रिकामा नाही. एका हातानं पोर पाजत दुसऱ्या हातानं भरलाय. विवेक, तिला घरी आणण्याआधी तू मला विचारलं का नाहीस?’’

तो तक्त्याकडेच बघत म्हणाला, ‘‘तू नाही म्हणाली असतीस.’’

‘‘म्हणून?’’

‘‘म्हणून नाही विचारलं.’’

किती सरळ सांगितलं त्यानं! त्यात खोट नव्हती, लबाडी नव्हती, लाज तर नव्हतीच. मी घरातली सगळी भांडी फोडली असती. पण तेवढ्यात मागून माई बोलल्या, रेवाला थोपटत, नेहमीच्याच आवाजात.

‘‘तुझ्या वेळेला मला पाच महिने कोंडली होती तुझ्या आजीनं. अजून पाट ओढून बसवत नाही मला. मला वाटायचं, बाईची कंबर अशीच असते.’’

विवेकनं आईकडे बघितलं. त्याला त्यातलं काय कळलं कोण जाणे. माई आत निघून गेल्या.

सकाळी मी उठले ती थेट खिडकीशी गेले. चिकटपट्टीचं टोक नखानं उचललं आणि ओढलं. चर्रर्र आवाज झाला, रंगाचे पोपडे निघाले. फटीतली वर्तमानपत्रं खाली पडली. रेवाच्या जन्माच्याही आधीच्या तारखा होत्या त्यांवर. कडी काढायला दोन्ही हात लागले. तावदान उघडलं आणि गार हवा भसकन आत आली, शेवग्याच्या फुलांचा वास घेऊन. मागे माई उभ्या होत्या. दूध आटेल म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘तो पाळणा धर एका बाजूनं.’’

विवेक दाढी करून बाहेर आला तेव्हा पाळणा खिडकीशी होता, खुर्ची पाळण्याशी होती आणि पिंजरा दिवाणखान्यात, टीव्हीच्या पुढ्यात.

‘‘अगं, मॅच कशी दिसणार?’’

‘‘ऐक आता. ऊन यायला लागलं की दोघींना गच्चीवर न्यायचं. किवीला टाकीजवळ ठेव, तिथे सावली आहे. वर घारी असतात, डोळा हलवू नकोस. रेवाला टोपडं घाल, पण पाय उघडे ठेव. तिचं पोट भरलेलं आहे, अकरापर्यंत काही लागणार नाही.’’

‘‘आणि तू?’’

‘‘मी बाहेर जातेय.’’

‘‘कुठे?’’

‘‘अजून ठरवलं नाही.’’

‘‘मला ऑफिस आहे!’’

‘‘आज तू घरीच आहेस ना,’’ मी म्हणाले आणि चप्पल घातली.

कुठे गेले म्हणाल, तर कुठेच नाही. गंगापूर रोडवरून नुसती चालत राहिले. कुणाच्या तरी फाटकाच्या पायरीवर बसले. ऊन पाठीवर घेतलं, मग पोटरीवर, मग तोंडावर. दोन तास. छाती भरून दुखायला लागली तेव्हा परत फिरले. येताना शेवग्याच्या पाल्याची मोठी जुडी आणली.

गच्चीच्या जिन्यातच रेवाचा टाहो ऐकू आला. वर विवेक एका हातानं लेकीला हलवत होता, दुसऱ्या हातानं घारीला हाकलत होता. केस उभे, शर्टावर ओकारी. माई छत्री घेऊन किवीला सावली करत होत्या आणि त्याला झापत होत्या, ‘‘डोकं धर रे तिचं! चार महिन्यांत पोर धरायला शिकला नाहीस!’’ किवी मात्र छत्री चुकवून उन्हात सरकत होती. पोटावर, इंचाइंचानं. माई छत्री पुढे नेत, ती अजून पुढे जाई.

विवेकनं मला बघितलं. मी रेवाला घेतलं नाही लगेच. आधी पाल्याची जुडी सोडली, किवीसमोर पानं ठेवली, तिनं पहिलं पान ओढलं ते बघितलं. मग हात पुढे केले.

त्या दिवसापासून विवेकनं मला एकही गोष्ट न विचारता घरात आणली नाही, असं मी म्हणणार नाही. आणतो अजूनही. पण ट्यूब त्याच संध्याकाळी लागली, आणि सकाळची गच्ची आजतागायत त्याच्याकडे आहे.

किवी जगली. आता ती शेपटीसकट माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढी लांब आहे. जबडा मात्र वाकडाच राहिला, डावीकडून आत दबलेला. तोंड मिटलं तरी जिभेचं टोक जरासं बाहेर दिसतं. रेवाला ते फार आवडतं.

आता ती दुसरीत आहे. गेल्या आठवड्यात शाळेतून घरी आली आणि किवीला जास्वंदीचं फूल भरवता भरवता म्हणाली, ‘‘आई, हिचं तोंड असं का?’’

‘‘लहानपणी हिला ऊन मिळालं नाही.’’

‘‘का?’’

‘‘खिडकी बंद होती.’’

‘‘कुणी बंद केली?’’

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. माईंची चिकटपट्टी, विवेकची ट्यूब, तो तक्ता. सात वर्षं मी ते सगळं पाठ करून ठेवलंय, अजूनही आठवलं की कानशिलं तापतात. मी सुरुवात करणारच होते.

‘‘पण तू होतीस ना तिथे?’’ रेवा म्हणाली. ‘‘मग तू उघडायची ना.’’

तिनं फूल भरवून संपवलं, हात फ्रॉकला पुसले आणि खेळायला गेली. पिंजरा येण्याआधी तर खिडकीची कडी माझ्या खुर्चीपासून हातभर लांब होती. एवढीच. मी कितीदा तिच्याकडे बघितलं असेन.